शिफारसपत्राची पत

शिफारसपत्र ही वस्तू व्यापारी वर्गास नवी नाही. एका पेढीने परगावच्या पेढीस चार ओळी लिहाव्यात आणि तेवढ्यावर अनोळखी मनुष्यास उधारीने माल मिळावा, हा व्यवहार आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. त्या ओळींत लिहिणाऱ्या पेढीची पत उतरलेली असे. आणि जो येईल त्यास पत्र देत सुटणाऱ्या पेढीच्या पत्रास लौकरच कोणी विचारीनासे होई. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी तेथील शाळांतून जी पत्रे जातात, त्यांस हाच न्याय लागू पडतो. आपल्या मुलाबाळांपैकी काही तिकडे वाढत आहेत, तर काही इकडून बारावीनंतर थेट तिकडे अर्ज करू लागली आहेत. तेव्हा हे पत्र कोण लिहितो, कसे लिहितो आणि त्यात आपला हातभार कोठवर असावा, याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

तिकडील बहुतेक माध्यमिक शाळांत शिक्षकांखेरीज कौन्सेलर म्हणजे समुपदेशक नेमलेला असतो. ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नावाचा सामाईक अर्ज 1975 साली 15 महाविद्यालयांनी मिळून सुरू केला. आज एक हजाराहून अधिक संस्था तो स्वीकारतात. या अर्जासोबत विद्यार्थ्याचा निबंध, गुणपत्रक व बहुधा शिक्षकांची पत्रे जातात, आणि समुपदेशकाचा अहवाल व पत्रही जाते. सर्वच विद्यापीठे पत्रे मागतात असे मात्र नाही; कॅलिफोर्निया विद्यापीठ सामान्यतः अर्जाच्या वेळी ती मागत नाही.

समुपदेशकाची अडचण आधी समजून घ्यावयास हवी. अडीचशे विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, अशी त्यांच्या 1952 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात देशाची सरासरी अलीकडच्या वर्षांतही साडेतीनशेच्या वरच राहिली आहे. वेळापत्रके जुळविणे, मुलांची भांडणे मिटविणे, कोणाच्या घरी दुःख झाले तर त्याजवळ बसणे, हे सर्व करून हा मनुष्य पत्रे लिहावयास बसतो. मग एकच मसुदा नाव बदलून दहा मुलांस वापरला जातो, आणि क्वचित आधीच्या मुलाचे नाव तसेच राहून जाते! वाचणाऱ्यास तो प्रकार ओळखू येण्यास वेळ लागत नाही.

मग चांगले पत्र कोणते? जी माहिती अर्जात अन्यत्र नाही, ती देणारे. गुण गुणपत्रकात आहेत, खेळ व मंडळे यादीत आहेत. त्यांची उजळणी करण्यात कागद फुकट जातो. वर्गातील बुद्धी शिक्षक सांगतो. समुपदेशकाने सांगावयाची ती परिस्थिती. समजा, एका विद्यार्थ्याने महाविद्यालयीन दर्जाचे, ज्यांस तिकडे ‘ए. पी.’ म्हणतात, असे तीन विषय घेतले. ज्या शाळेत असे वीस विषय शिकविले जातात तेथे तीन म्हणजे काही विशेष नाही. जेथे चारच आहेत तेथे तीन म्हणजे मुलाने हाताशी होते ते जवळजवळ सर्व घेतले. आकडा एकच, अर्थ दोन. शाळेची सर्वसाधारण माहिती ‘स्कूल प्रोफाइल’ नावाच्या पत्रकात जातेच. परंतु या मुलाच्या बाबतीत तिचा अर्थ काय, हे समुपदेशकाने उलगडावे.

दुसरी गोष्ट विशेषणांची. ‘कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ’ या तीन शब्दांनी कोणाचीच ओळख पटत नाही. याउलट, वडील आजारी पडले तेव्हा ही मुलगी वर्षभर शाळा सुटल्यावर दुकानात बसली, त्या सत्रात तिचे गणिताचे गुण घसरले, आणि पुढच्या सत्रात तिने आपण होऊन त्याच विषयाचा वरचा अभ्यासक्रम घेतला, एवढे लिहिले की विशेषणाची गरज उरत नाही. घसरलेले गुण लपविण्याऐवजी त्यांचे कारण सांगितल्याने पत्राचे वजन वाढते, असे आम्हांस वाटते. मात्र घरातील आजार, मृत्यू वा आर्थिक विवंचना यांचा उल्लेख विद्यार्थ्यास विचारल्यावाचून करू नये. मुलाचे दुःख हे शाळेच्या मालकीचे नव्हे.

विशेषणे निवडतानाही सावधगिरी हवी. फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोन विदुषींनी वैद्यकीय अध्यापकांच्या नेमणुकीसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासून 2003 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रियांविषयीची पत्रे सरासरीने आखूड होती. त्यांत संशोधनापेक्षा कष्टाळूपणाचे कौतुक अधिक, आणि शंका उत्पन्न करणारी वाक्येही अधिक. ती पत्रे शाळकरी मुलांची नव्हती हे खरे. तरी मुलाला ‘बुद्धिमान’ आणि मुलीला ‘मेहनती’ म्हणण्याची सवय आपल्या घरांतूनही अपरिचित नाही.

पालकांचा प्रश्न येतो तो येथे. पुष्कळ शाळा पत्रापूर्वी मुलास आणि पालकांस एक प्रश्नावली देतात. तिला गमतीने ‘ब्रॅग शीट’, म्हणजे बढाईचा कागद, असे नाव आहे. पालकांनी त्यात स्तुती लिहू नये, प्रसंग लिहावेत: मुलाने कोणते काम न सांगता अंगावर घेतले, कोठे हरला, हरल्यावर काय केले. समुपदेशकाच्या हाती कच्चा माल चांगला पडला तर पत्र चांगले उतरते. परंतु तयार पत्र पाहण्याचा आग्रह धरू नये. 1974 च्या अमेरिकन कायद्याने विद्यार्थ्यास आपली शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. शिफारसपत्रांपुरता तो हक्क सोडण्याची मुभाही त्यात आहे, आणि अर्ज करणाऱ्यास तसे विचारले जाते. हक्क सोडलेला असला म्हणजे लिहिणाऱ्याने मोकळेपणाने लिहिले असावे, असा वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

इकडील अनेक शाळांत समुपदेशक नसतो. ते काम मुख्याध्यापक किंवा कनिष्ठ महाविद्यालयाचे प्राचार्य करतात. त्यांस ही पद्धत अपरिचित, वेळही थोडा. म्हणून ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असा प्रघात पुष्कळ ठिकाणी पडला आहे. यात मुलाचा लाभ होतो असे मानणे हा भ्रम होय. मुलाचा निबंध आणि प्राचार्यांचे पत्र एकाच हातचे आहे, हे अर्ज शेजारीशेजारी ठेवून वाचणाऱ्यास भाषेवरूनच कळते. शिवाय सतरा वर्षांच्या मुलास स्वतःविषयी दुसऱ्याच्या नावाने लिहावयास लावणे म्हणजे खोट्या सहीचा पहिला धडा त्यास वडीलधाऱ्यांच्या हातून मिळणे. आपल्या दुकानात मुनीम असे करील तर आपण काय म्हणू?

त्यापेक्षा अकरावीचे वर्ष संपण्यापूर्वीच प्राचार्यांस भेटून प्रसंगांची नोंद त्यांच्या हाती द्यावी, आणि पत्र त्यांचे त्यांस लिहू द्यावे. साधे, आखूड, इंग्रजीत थोडे अडखळणारे असले तरी चालेल. लौकर निर्णय देणाऱ्या महाविद्यालयांच्या मुदती बहुधा नोव्हेंबरच्या पूर्वार्धात संपतात, आणि आपल्याकडे त्याच सुमारास दिवाळी असते. शाळेची कचेरी तेव्हा बंद असेल, हे ध्यानात ठेवूनच दिवस मोजावेत.