विकिपीडियावरचे ‘मॉनिटर’ कोण निवडतं, आणि त्यांना आवरतं कोण?



प्रकल्पाची वही भरायची वेळ आली की घरोघरी मोबाईलवर विकिपीडिया उघडला जातो. किल्ले, नद्या, शास्त्रज्ञ, काहीही शोधा, पहिल्या दोन-तीन उत्तरांत तो असतोच. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला आणि मराठी १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी. तिथे लिहिणाऱ्यांना पगार नसतो हे आता बहुतेकांना माहीत आहे. मुलंसुद्धा सांगतात, “सर, तिथे कुणीपण लिहू शकतं.”

मग पुढचा प्रश्न आपण मुलांना विचारायला हवा. कुणीपण लिहू शकतं, तर कुणी खोटं लिहिलं तर पुसतं कोण? भांडण झालं तर शेवटचा शब्द कुणाचा? वर्गात चाळीस मुलं सोडून शिक्षक बाहेर गेले की पाच मिनिटांत काय होतं ते आपण जाणतो. तिथे तर हजारो माणसं आहेत, एकमेकांना न पाहिलेली. तरी काम चालतं, कारण तिथेही मॉनिटर आहेत. ते कसे निवडतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचे हात कुठे बांधलेले असतात, हे आज बघू.

आधी सगळ्यात साधं पद घेऊ. इंग्रजी विकिपीडियावर भाषा सुधारणाऱ्या स्वयंसेवकांचा एक गट आहे, गिल्ड ऑफ कॉपी एडिटर्स. लेखातली माहिती बरोबर आहे पण वाक्यं धड नाहीत, व्याकरण चुकलंय, एकच गोष्ट तीनदा सांगितलीय, असे लेख हे लोक दुरुस्त करतात. थोडक्यात, आपण परीक्षेनंतर निबंधाच्या वह्यांवर लाल पेन घेऊन जे करतो तेच. ज्या लेखाची भाषा सुधारायला हवी त्यावर कुणीही तशी पाटी लावतो आणि असे लेख साचत जातात. साचलेलं काम उपसायला गट एक महिना आड महिनाभराची मोहीम काढतो, मधल्या महिन्यांत आठवडाभराची छोटी मोहीम. कुणी किती शब्द तपासले त्याची नोंद राहते आणि शेवटी बार्नस्टार नावाचं चांदणीसारखं मानचिन्ह मिळतं. वहीवर ‘छान!’ लिहून चांदणी काढली की मुलं दिवसभर मिरवतात ना, मोठी माणसंही त्याला अपवाद नाहीत.

ही मोहीम आखायची, नोंदी ठेवायच्या, विनंत्या आलेल्या लेखांची यादी नीट लावायची, चांदण्या वाटायच्या, यासाठी समन्वयक लागतात. त्यांची निवडणूक वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबरमध्ये. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात नावं येतात, दुसऱ्यात मतं पडतात. स्वतःचं नाव स्वतः दिलं तरी चालतं. मत देणारा आपल्याला योग्य वाटतील तितक्या जणांना पाठिंबा देऊ शकतो, एकालाच निवडायची सक्ती नाही. त्यामुळे ‘हा की तो’ असं भांडण फारसं पेटत नाही. मुदत फक्त सहा महिने. १ जानेवारीला किंवा १ जुलैला नवे समन्वयक कामाला लागतात. अर्थात जुनाच माणूस पुन्हा उभा राहू शकतो, आणि राहतोही.

समन्वयक झालं म्हणून जास्तीचं बटण मिळत नाही. लेखात काय राहावं यावर वाद झाला तर त्याचा शब्द इतर कुणाही सदस्याइतकाच. तो यादी लावू शकतो, हुकूम देऊ शकत नाही. आपल्या वर्गातल्या मॉनिटरला असं सांगून बघा बरं! खडू आणायचा, हजेरीपट ऑफिसातून आणायचा, पण बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची नाहीत. निम्म्या मुलांचा मॉनिटर होण्यातला रस तिथेच संपेल. जे उरतील ते कामाचे, असं माझं मत.

आता खरी सत्ता असलेलं पद. त्याला मराठी विकिपीडियावर प्रचालक म्हणतात. प्रचालक लेख काढून टाकू शकतो, एखादं पान कुलूपबंद करू शकतो आणि सदस्याला लिहिण्यापासून रोखू शकतो. इंग्रजी विकिपीडियावर यासाठी सात दिवस उघड चर्चा चालते, उमेदवाराला प्रश्न विचारले जातात, आणि साधारण ६५ ते ७५ टक्क्यांच्या वर पाठिंबा असेल तरच पद मिळतं. चर्चा इतकी बोचरी होऊ लागली की चांगली माणसं उभीच राहीनात, म्हणून २०२४ मध्ये गुप्त मतदानानेही निवड करून पाहिली.

गंमत बघा. ज्या समन्वयकाच्या हातात काहीच नाही, त्याला दर सहा महिन्यांनी लोकांपुढे जावं लागतं. आणि ज्याच्या हातात कुलूपकिल्ली आहे, त्या प्रचालकाला इंग्रजी विकिपीडियावर मुदतच नाही! एकदा निवडून आला की आला. वर्षभर फिरकलाच नाही तर अधिकार जातात, किंवा गंभीर तक्रार झाली तर लवाद समिती ते काढू शकते. सामान्य सदस्यांना थेट काही करता येत नव्हतं. तो रस्ता २०२४ मध्ये निघाला. ३० दिवसांत २५ अनुभवी सदस्यांनी सही केली तर त्या प्रचालकाला पुन्हा लोकांचा विश्वास मिळवावा लागतो, नाहीतर पद सोडावं लागतं. जर्मन विकिपीडियावर तसा नियम बराच आधीपासून आहे. तिथे महिन्यात २५ किंवा सहा महिन्यांत ५० जणांनी मागणी केली की फेरनिवड. स्वीडिश विकिपीडिया आणखी कडक, तिथे प्रचालकाची मुदतच एक वर्षाची.

“एवढे नियम कशाला? चांगली माणसं निवडली की झालं,” असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी क्रोएशियाची गोष्ट सांगतो. शिक्षकांनी तर ती माहीत करून घ्यायलाच हवी.

क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियावर मोजक्या प्रचालकांचा एक कट्टर राष्ट्रवादी गट जमला आणि साधारण २०११ पासून २०२० पर्यंत कारभार त्यांच्या हातात राहिला. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या उस्ताशा राजवटीने यासेनोवाच इथे छळछावणी चालवली होती. तिथे सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची हत्या झाली. पण विकिपीडियावरच्या लेखात हे सगळं सौम्य करून मांडलेलं. २०१३ मध्ये वर्तमानपत्रांतून ओरड झाली, आणि देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना जाहीरपणे सांगितलं की आपल्याच भाषेतला विकिपीडिया वापरू नका, त्यातली बरीच माहिती दिशाभूल करणारी आहे. विचार करा, इतिहासाचा गृहपाठ करणाऱ्या मुलांना त्यांच्याच मातृभाषेतला ज्ञानकोश वापरू नका म्हणायची वेळ आली.

आता कुणाला वाटेल की तिथे निवडणूकच होत नसावी. तसं नाही. मतदान व्हायचं. पण मत देणारे मूठभर, कारण भाषा लहान. जो विरोध करील त्याला प्रचालक लिहिण्यापासून रोखायचे, आणि रोखलेला सदस्य मत कुठून देणार? शिवाय गटातल्या लोकांनी बनावट खाती काढली होती, म्हणजे एकच माणूस चार नावांनी मत देतो. आपल्याकडे बोगस मतदान म्हणतात तेच. मुदत नव्हती, बाहेरून बघणारं कुणी नव्हतं. मंत्र्यांनी इशारा दिला २०१३ ला, आणि त्या गटातल्या एका प्रमुख प्रचालकावर जगभरच्या सदस्यांनी सगळ्या विकिपीडियांवरून बंदी घातली ती २०२० च्या अखेरीस. मध्ये सात वर्षं गेली. पहिलीतलं मूल तेवढ्यात आठवीत जातं. २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने, या सगळ्याचा अहवाल प्रसिद्ध केला.

म्हणून मला वाटतं, आपण मुलांना लोकशाही शिकवताना मतदानावर फार थांबतो. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक झोकात होते, चिठ्ठ्या, बोटाला शाई, सगळं. फोटोही छान येतात. पण निवडून आलेल्या ‘मुख्यमंत्र्याला’ काय करता येणार नाही, तो चुकला तर त्याला कोण आणि कसा थांबवणार, हे कुठे लिहिलेलं असतं? बहुतेक शाळांत नसतंच. क्रोएशियन विकिपीडियावर हाच भाग कच्चा होता.

बाहेरून बघणाऱ्यांचीही एक व्यवस्था विकिपीडियाच्या जगात आहे. सगळ्या भाषांवर मिळून काही स्टुअर्ड असतात, आपण त्यांना कारभारी म्हणू. ज्या भाषेत स्वतःचे पुरेसे पदाधिकारी नाहीत, तिथे अधिकार द्यायचं आणि काढायचं काम ते करतात. छोट्या विकिपीडियावर ते बऱ्याचदा काही महिन्यांपुरतंच प्रचालकपद देतात, पुढे हवं असेल तर पुन्हा लोकांना विचारा. हे कारभारीही दरवर्षी निवडले जातात, ८० टक्के पाठिंबा आणि किमान ३० मतं लागतात, शिवाय जुन्यांनाही दरवर्षी पुन्हा मान्यता घ्यावी लागते. आणि एक छान पथ्य आहे. कारभाऱ्याने आपल्या स्वतःच्या घरच्या विकिपीडियावर हे खास अधिकार वापरायचे नाहीत. आपल्याला निवडणूक ड्युटी लागते तेव्हा स्वतःच्या मतदारसंघातलं केंद्र सहसा देत नाहीत, तसंच हे. (ड्युटी लांबची लागली की आपण कुरकुरतो, ते वेगळं.)

मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाचं नाव ‘चावडी’ आहे, आणि मत आजमावायला ‘कौल’ लावतात. किती आपले शब्द! पण चावडीवर चारच माणसं बसली तर चौघांचाच निर्णय गावाचा होतो. मराठी वाचणारे कोट्यवधी, तिथे नियमित लिहिणारे त्या मानाने अगदी थोडे. म्हणून आपल्यासारख्या शिक्षक-पालकांपैकी काहींनी खातं उघडून, भाषा सुधारण्याचं का होईना, थोडं काम करायला हवं. शुद्धलेखन तपासायची सवय आपल्याला आहेच. काम करत राहिलात की कौलातल्या तुमच्या मतालाही वजन येईल.

वर्गासाठी एक कृती सुचवतो, इयत्ता पाचवी ते आठवीला चालेल. मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्याचा किंवा जवळच्या किल्ल्याचा लेख उघडा. वर ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ अशी बटणं दिसतील. इतिहासात कोणत्या तारखेला कुणी काय बदललं ते मुलांना शोधू द्या. एखादा बदल कुणी परत फिरवला असेल तर का फिरवला असेल, यावर बोला. मग चार-चार मुलांचे गट करून प्रत्येक गटाला वर्गाच्या मॉनिटरसाठी फक्त तीन नियम लिहायला सांगा: मुदत किती, काय करायचं नाही, आणि मध्येच काढायचं असेल तर किती जणांच्या सह्या हव्यात. आकड्यावरून वाद होतील. पाच सह्या ठेवल्या तर रोज नवा मॉनिटर, तीस ठेवल्या तर कधीच निघणार नाही. तो वाद मुलांनाच सोडवू द्या, आपण मध्ये पडायचं नाही. ठरलेले नियम कार्डशीटवर लिहून दाराजवळ लावा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पुन्हा निवडणूक घ्या.