मण्याच्या पोटातली ओढाताण

मैत्रिणींनो, काचेचे मणी करायचा नाद मला पन्नाशीत लागला. जानेवारीत, नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत, भाचीच्या लग्नासाठी केलेली माळ डब्यात ठेवली आणि रात्रीत दोन मणी तडकले! ना पडले, ना आदळले. मी तर रडकुंडीलाच आले.

चूक माझीच. गरम मणी बाहेरून आधी निवतो, आतून मागाहून. घाईने निववला की ती ओढाताण काचेतच राहते. लेकाने युक्ती दाखवली. लॅपटॉपचा पडदा पांढरा करायचा, पोलराइज्ड गॉगलची काच समोर धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवायची आणि मध्ये मणी धरायचा. उजळ ठिपके दिसले की समजा, ताण आहे! गोल मणी काचेच्या वाटीत तेलात बुडवला तर आतलं नीट दिसतं. (खोबरेल नको गं, थंडीत गोठतं!) वाटी आधी रिकामी तपासा, कधी तीच उजळते. अपारदर्शक मण्यांना मात्र हे चालत नाही.

साध्या सोडा-काचेचे मणी भट्टीत ५०० ते ५५० अंश सेल्सिअसवर ठेवून सावकाश निववावे लागतात. माझ्याकडे तेव्हा भट्टी कुठली? उरलेले चाळीस तपासले, अकरा उजळले. काढून टाकले.

"मावशी, माळ आखूड का गं?" भाचीने विचारलंच.