मुलांच्या मानेतली गाठ : लपवू नका, तपासून घ्या

'थायरॉइड' हा शब्द आपल्या घरांत आता परका राहिलेला नाही. कुणाची अम्मी, कुणाची खाला, कुणाची भावजय रोज सकाळी उपाशीपोटी त्याची गोळी घेते. त्यामुळे थायरॉइड म्हणजे मोठ्या बायकांचे दुखणे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलीच्या गळ्यापाशी गाठ दिसली, की "सर्दीची असेल, जिरेल" म्हणून आपण विषय संपवतो. मुलांच्या थायरॉइडच्या गाठीबद्दल दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली, अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. दुसरी, मुलांमधली गाठ मोठ्यांमधल्या गाठीपेक्षा अधिक गांभीर्याने तपासावी लागते.

अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५ साली मुलांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दिलेल्या आकड्यांनुसार मोठ्यांच्या थायरॉइडमधील गाठींपैकी साधारण ५ ते १० टक्के गाठी कर्करोगाच्या निघतात. मुलांमध्ये हे प्रमाण २२ ते २६ टक्के आहे. म्हणजे मुलांत गाठी कमी होतात, पण झालेल्या गाठीत धोका जास्त असतो. किशोरवयात मुलींना हा आजार मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतो.

गाठ ओळखायची कशी?

थायरॉइड ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी कंठाच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. मुलाला आरशासमोर उभे करून, मान किंचित मागे झुकवून पाण्याचा घोट घ्यायला सांगावे. गिळताना गाठ वर सरकली, तर ती थायरॉइडची असण्याची शक्यता मोठी. ती बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच दुर्लक्षित राहते. मुलींच्या गळ्याभोवती ओढणी किंवा हिजाब असतो. महिनोन्‌महिने कुणाचे लक्षही जात नाही. डोक्याला तेल लावताना, वेणी घालताना आईचा हात मानेवरून एकदा फिरला तरी पुष्कळ.

घसा दुखला, दात किडला, तरी मुलांच्या मानेत गाठी येतात. त्या बहुधा दुखऱ्या असतात आणि आजार बरा झाला की लहान होतात. मात्र तीन-चार आठवड्यांत न जिरणारी, कडक, वाढत जाणारी गाठ, बसलेला आवाज किंवा गिळताना होणारा त्रास असेल, तर थांबू नये.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. मानेच्या बाजूला गाठी आल्या की क्षयाची शंका येते, आणि ती रास्तही आहे. पण थायरॉइडचा कर्करोगही मानेच्या बाजूच्या गाठींमध्येच पसरतो. म्हणून गाठीतला नमुना तपासल्याशिवाय नुसत्या अंदाजावर महिनोन्‌महिने औषध चालू राहू नये.

चेर्नोबिलची मुले

या आजाराबद्दल जगाला जे कळले, त्यातला मोठा भाग एका दुर्घटनेने शिकवला. २६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल अणुभट्टीचा स्फोट झाला. हवेत पसरलेल्या द्रव्यांत किरणोत्सारी आयोडीन-१३१ होते. ते गवतावर पडले, ते गवत गायींनी खाल्ले, आणि दुधातून ते मुलांच्या पोटात गेले. थायरॉइडला आयोडीन लागते. ते विषारी आहे की नाही, हे तिला कळत नाही. मुलांची ग्रंथी लहान, दूध पिणे जास्त, आणि त्या भागातल्या अन्नात मुळातच आयोडीनची कमतरता. त्यामुळे सर्वांत मोठा घाव मुलांवर पडला.

शेजारच्या पोलंडने २९ एप्रिलपासून एक कोटीहून अधिक मुलांना साधे आयोडीन पाजले, म्हणजे ग्रंथी भरलेली राहावी आणि विषारी आयोडीनला तिथे जागा मिळू नये. बेलारूस-युक्रेनच्या खेड्यांत मात्र पुष्कळांना दूध टाळा, हेही वेळेवर सांगितले गेले नाही. चार-पाच वर्षांत मिन्स्कचे शल्यचिकित्सक येवगेनी देमिद्चिक यांच्याकडे गळ्यात गाठ असलेली मुले येऊ लागली. १९९२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात हे मांडले, तेव्हा बाहेरच्या अनेक तज्ज्ञांचा विश्वास बसला नाही. इतक्या लवकर कर्करोग होत नाही, असे त्यांना वाटत होते. मुलांच्या आजाराने त्यांना खोटे ठरवले.

संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक समितीच्या अहवालानुसार, दुर्घटनेच्या वेळी अठरा वर्षांखालील असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले. त्यांपैकी त्या काळापर्यंत १५ जण या आजाराने दगावले. ते पंधराही जायला नको होते. पण हजारोंनी शस्त्रक्रियेची खूण गळ्यावर घेऊन पुढचे आयुष्य काढले. तिकडे लोक त्या खुणेला 'चेर्नोबिलचा हार' म्हणत.

आपल्याकडची बहुतेक मुले किरणोत्सर्गामुळे आजारी पडत नाहीत. बऱ्याचदा कारण सापडतच नाही. मात्र आधीच्या एखाद्या कर्करोगासाठी मानेवर किरणोपचार झालेल्या मुलांची तपासणी नेमाने व्हावी. मेड्युलरी हा क्वचित आढळणारा प्रकार घराण्यात चालू शकतो. तो एखाद्या नातेवाइकाला झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तपासणी आणि उपचार

रक्ताचा थायरॉइड रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणजे सुटलो, असे नाही. कर्करोग असतानाही तो बहुधा नॉर्मलच असतो. गाठ असेल तर मानेची सोनोग्राफी, आणि डॉक्टरांना गरज वाटल्यास बारीक सुईने पेशी काढून तपासणी. "सुई लावली की आजार पसरतो," हे आपण घरोघरी ऐकतो. ही भीती निराधार आहे. नुकसान होते ते उशिरामुळे.

मुलांत बहुतांशी पॅपिलरी हा प्रकार आढळतो. निदानाच्या वेळी तो मानेतल्या गाठींत, कधी फुप्फुसांतही गेलेला असतो. तरीही योग्य उपचारांनी बहुसंख्य मुले दीर्घायुष्य जगतात. उपचार म्हणजे मुख्यतः शस्त्रक्रिया. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार चिमुकल्या ग्रंथी तिथेच असल्याने, अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या शल्यचिकित्सकाकडेच जावे. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

काही मुलांना पुढे किरणोत्सारी आयोडीन द्यावे लागते. चेर्नोबिलमध्ये ज्याने आजार दिला, तेच आयोडीन-१३१ इथे मोजूनमापून, उरलेल्या रोगट पेशी मारण्यासाठी वापरतात. त्याआधी एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ आणि समुद्री मासळी बंद करावी लागते. कोकणातल्या घरांना हे जड जाईल, पण ते तेवढ्यापुरतेच. एरवी मात्र आयोडीनयुक्त मीठच वापरावे. सैंधवाच्या नादाने ते सोडू नये.

गोळी आणि रमजान

पूर्ण ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती उपाशीपोटी घ्यायची, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास दूर ठेवायची. रमजानमध्ये सेहरीच्या अर्धा तास आधी किंवा इफ्तारच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी झोपताना ती घेता येते. वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. गोळी मात्र चुकवू नये. उपचार चालू असताना अशक्तपणा असेल, तर आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. आजारी मुलीला "लोक काय म्हणतील" म्हणून रोजा धरायला लावू नये.

"हिचं लग्न कसं व्हायचं?"

खरी अडचण पुष्कळदा इथेच असते. मुलीच्या गळ्यावर व्रण राहील, स्थळे परत जातील, म्हणून गाठ लपवली जाते, गावोगावचे झाडपाले होतात आणि वर्ष निघून जाते. मुलाच्या बाबतीत आपण एवढा विचार करतो का, हे स्वतःला विचारून पाहावे. उपचार झालेली मुलगी शिकू शकते, नोकरी करू शकते, आई होऊ शकते. किरणोत्सारी आयोडीननंतर काही महिने गर्भधारणा टाळावी लागते, आणि गरोदरपणी गोळीचे प्रमाण वाढवावे लागते, इतकेच. लग्न ठरवताना ही गोष्ट समोरच्यांना उघड सांगावी. लपवून केलेल्या लग्नात मुलगी गोळीही लपवून घेते, आणि एक दिवस ती बंद करते.

आपल्या घरातल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना या आठवड्यात एकदा आरशासमोर उभे करून पाण्याचा घोट घ्यायला सांगा. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.