‘कल तो ठीक थे तुम!’

गडचिरोली किंवा नंदुरबारकडून सिकलसेल घेऊन दिल्लीत एम.ए.ला आलेल्या मुलाला जानेवारीत हे वाक्य ऐकावं लागतं. म्हणणाऱ्याच्या मनात संशय असतो: काल मेट्रोने आला, कॅन्टीनमध्ये गप्पा मारल्या, मग आज सेमिनारच्या दिवशीच बरा आजारी पडला.

काल तो ठीक होता हे खरंच, आणि आज त्याला उठवत नाही हेही तितकंच खरं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या दोषामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पाठीत असह्य कळा येतात. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, जंतुसंसर्ग आणि अतिश्रम ही या कळांची नेहमीची निमित्तं. चार-पाच अंशांवर उतरणारा दिल्लीचा पारा, हीटर नसलेली मुनीरकातली खोली आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून न प्यायलेलं पाणी, इतकं त्याला पुरतं. ल्युपस, संधिवात, क्रोन्स यांतही असे चढउतार असतात. कालच्या दिवसावरून आजच्या दिवसाचा अंदाज बांधता येत नाही, मग तो बांधणारा गाइड असो की आई.

‘अपंगत्व म्हणजे कुबड्या किंवा व्हीलचेअर’ हा समज 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोडीत काढला आहे. 1995 च्या कायद्यात 7 प्रकार होते, ते आता 21 झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, मानसिक आजार हे सगळे त्यात आहेत. टाइप 1 मधुमेह, ल्युपस, क्रोन्स मात्र नावानिशी नाहीत. यादीत आजाराचं नाव असलं म्हणजे सगळं मिळालं, असंही नाही. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतल्या 5 टक्के राखीव जागांसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. महिन्यातले वीस दिवस बरं असणाऱ्या शरीराचं अपंगत्व टक्क्यांत मोजायचं ही पद्धतच मला अपुरी वाटते. अनेकजण तिथे अडतात.

इथूनच पुढचा गैरसमज येतो: ‘40 टक्के नाहीत, तर मागण्यासारखं काहीच नाही.’ विकास कुमार या परीक्षार्थीचा वाद नेमका याच मुद्द्यावर होता. त्यांना ‘रायटर्स क्रॅम्प’, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. 40 टक्क्यांची अट पूर्ण होत नाही म्हणून नागरी सेवा परीक्षेसाठी यूपीएससीने लेखनिक नाकारला. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला: 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांपुरती आहे, वाजवी सोयीचा हक्क त्यावर अवलंबून नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने 40 टक्क्यांखालच्या, पण लिहायला त्रास असणाऱ्या परीक्षार्थींसाठी लेखनिकाची आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपल्याकडे अजून ‘सवलत’ म्हणताना आवाज खाली जातो. तो जाऊ नये. वाजवी सोय नाकारणं हा या कायद्याने भेदभावच ठरवला आहे.

प्रमाणपत्र नागपूरचं आहे म्हणून दिल्लीत चालणार नाही, अशी भीती बरेच पालक घालतात. ती निराधार आहे. ते देशभर वैध असतं. आजाराचं नाव विभागात सर्वांना सांगावं लागतं हाही तसाच समज. अर्जात डॉक्टरांनी लिहायचं ते काय जमत नाही आणि काय लागेल: सलग तीन तास बसता येत नाही, दर दोन महिन्यांनी रक्त तपासणीसाठी अख्खा दिवस लागतो, वर्गात पाणी किंवा साखर जवळ हवी. हा अर्ज सत्राच्या सुरुवातीला, लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. दिल्ली विद्यापीठात इक्वल ऑपॉर्च्युनिटी सेल 2006 पासून आहे. प्रत्येक सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची, असं कायदा सांगतो.

‘आजाऱ्यासाठी वर्ग ऑनलाइन कसा घेणार?’ याचं उत्तर नोव्हेंबर 2024 मध्ये मिळालं. हवेचं प्रदूषण अतिगंभीर झालं तेव्हा दिल्ली विद्यापीठ आणि जेएनयूने काही दिवस वर्ग ऑनलाइन घेतले. सगळ्यांना गरज पडली की व्यवस्था उभी राहते, हे आपण पाहिलं. दम्याच्या मुलीला ती गरज इतर दिवशीही पडते.

आता घरच्यांचे समज. फ्रिज नाही म्हणून मधुमेही मुलाने हॉस्टेलात राहू नये, असं अजून म्हटलं जातं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं हे बरोबर; पण वापरात घेतलेलं साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकतं, खोली 25-30 अंशांच्या आत असेल तर. मे महिन्यात खोलीच चाळिशीला जाते, तेव्हा घट्ट बंद डब्यात घालून माठात ठेवलेलं इन्सुलिन बरंच सांभाळलं जातं. गोठलेलं मात्र कधीच वापरू नये.

‘वेळापत्रक पाळ, सगळं जमेल’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, म्हणून जास्त टोचतो. द्वारका किंवा नोएडात घरी राहून, असा आजार घेऊन पीएच.डी. करणाऱ्या सुनेकडून स्वयंपाक, मुलाची शाळा आणि दोन-अडीच तासांचा प्रवास अपेक्षित असतो. तिच्याकडे तास असतात, ताकद नसते. अशा वेळी आठवड्याची किमान कामं आधी ठरवणं आणि उरलेली घरात वाटून देणं हाच व्यवहार्य मार्ग. वाटून घेणाऱ्यांनी ती ‘मदत’ म्हणून मोजू नयेत.

शेवटचा समज पैशाचा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.ला सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रियांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना वर दोन, म्हणजे कमाल दहा. हे वाचून ‘वेळ वाढवून मिळतो, मग चिंता कसली’ असं म्हणतात. जेआरएफ फेलोशिपची रक्कम मात्र पाच वर्षांत संपते. आजारपणाने वाढलेल्या वर्षांत भाडं, औषधं आणि तपासण्या चालूच राहतात, फेलोशिप नसते. यूजीसीने मुदत वाढवली, तशी फेलोशिपही वाढवायला हवी.