वृद्ध रुग्णाचे भवितव्य आकड्यांत मावते काय?

घरातील वडीलधारे माणूस रुग्णालयात दाखल झाले, की बाहेर बाकावर बसलेल्या नातलगांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "डॉक्टर, बरे होतील ना?" या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर पूर्वापार अनुभवाच्या बळावर देत आले आहेत. परंतु रोगच नवा असेल तर अनुभव आणायचा कोठून? २०२० साली कोरोना विषाणूची साथ जगभर पसरली तेव्हा नेमकी हीच अडचण उभी राहिली. त्यातही सर्वांत मोठा धोका वृद्धांना होता. मग संख्याशास्त्राची मदत घेण्यात आली.

ब्रिटनमधील संशोधकांनी इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथील २६० रुग्णालयांतून माहिती जमविली. ३५,४६३ रुग्णांच्या नोंदींवरून त्यांनी एक गुणपद्धती बसविली आणि नंतर दाखल झालेल्या २२,३६१ रुग्णांवर ती पारखून पाहिली. सप्टेंबर २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ती प्रसिद्ध केली. 'फोर-सी मृत्युगुणांक' हे तिचे नाव.

या पद्धतीत आठच गोष्टी पाहतात : वय, स्त्री की पुरुष, आधीचे जुनाट विकार, श्वासाची गती, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, रुग्णाची शुद्ध, रक्तातील युरिया आणि 'सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन'. युरिया वाढला तर मूत्रपिंडावर ताण आल्याचा संशय घ्यावा. शरीरात दाह माजला की यकृत ते प्रोटीन भराभर तयार करू लागते. एकूण गुण २१. मात्र आपल्या परीक्षेच्या उलट, येथे गुण जितके जास्त तितका धोका मोठा. ३ पर्यंत गुण मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे १ रुग्ण दगावला. ४ ते ८ गुणांच्या गटात सुमारे १०, ९ ते १४ च्या गटात सुमारे ३१ आणि १५ किंवा अधिक गुण असलेल्यांत सुमारे ६२.

एक कल्पित उदाहरण घेऊ. शेजारशेजारच्या दोन खाटांवर दोन पुरुष आहेत. पहिले आजोबा ८२ वर्षांचे. दुसरा विकार नाही, श्वास शांत, तपासण्या ठीक. तरीही वयाचे ७ व पुरुष म्हणून १, असे ८ गुण त्यांच्या नावावर चढलेच! दुसरा गृहस्थ ४५ वर्षांचा. त्याला वयाचा एकही गुण नाही. परंतु त्याला मधुमेह व हृदयविकार आहे, श्वास मिनिटाला ३२, प्राणवायू ८८ टक्के, शुद्ध हरपत चाललेली, युरिया थोडा वाढलेला व प्रोटीन शंभराच्या वर. त्याचे गुण होतात १२. म्हणजे वयाचे वजन मोठे असले तरी वय म्हणजे सर्वस्व नव्हे.

आता शेकडा १० म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. वर्गाचा निकाल ७० टक्के लागला म्हणून प्रत्येक विद्यार्थी ७० टक्के उत्तीर्ण झाला असे आपण म्हणत नाही. कोणी पास होतो, कोणी नापास. त्याचप्रमाणे हा आकडा समूहाचा आहे, आजोबांचा नव्हे. पारखणीत असेही आढळले, की दगावलेला एक व वाचलेला एक अशा जोड्या घेतल्या तर शंभरांपैकी सुमारे ७७ वेळा दगावलेल्याचे गुण जास्त निघतात. उरलेल्या वेळी हा गुणांक फसतो.

तो का फसतो? एक कारण असे, की माणसाचे बळ त्यात मोजलेले नाही. कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दुर्बलतेची एक श्रेणी मांडली. आजारापूर्वी हा माणूस स्वतः बाजारहाट करीत होता की स्नानालाही त्याला आधार लागत होता, हे ती विचारते. २०२० मध्ये ब्रिटनमधील दहा व इटलीतील एका रुग्णालयातील १,५६४ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात रोगाच्या परिणामाचा अंदाज वय किंवा जुन्या विकारांपेक्षा या दुर्बलतेवरून अधिक चांगला बांधता आला.

शिवाय वृद्धांचा आजार नेहमीच्या वेषात येत नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरील ८१७ कोरोनाग्रस्तांची पाहणी झाली. त्यांतील २८ टक्के रुग्ण रुग्णालयात आले तेव्हाच भ्रमिष्ट अवस्थेत होते आणि या भ्रमिष्टांपैकी ३७ टक्क्यांना ताप, धाप यांसारखे नेहमीचे एकही लक्षण नव्हते. आजी अचानक असंबद्ध बोलू लागली तर "वयच झाले" म्हणून सोडून देऊ नये, हा यातील घरगुती धडा.

दुसरे कारण काळाचे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने दाखवून दिले, की डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. पुढे लसीही आल्या. म्हणजे ज्या दिवसांत गुणांक बसविला ते दिवसच पालटले. म्हणून असे भाकीत वेळोवेळी नव्याने पारखावे लागते.

परंतु खरा धोका गणिताचा नाही, त्याच्या वापराचा आहे. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने अतिदक्षता विभागातील प्रवेशाचा विचार करताना दुर्बलतेची श्रेणी पाहण्याची सूचना केली. अपंगांच्या बाजूने आक्षेप येताच काही दिवसांतच तीत दुरुस्ती करावी लागली : तरुणांना व कायमचे अपंगत्व असणाऱ्यांना हे माप लावू नये. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याचा आधार लागतो तो मरणाला टेकलेला असतोच असे नाही.

तेव्हा गुण जास्त निघाले तर त्याचा अर्थ "या रुग्णाकडे अधिक लक्ष द्या, नातलगांशी वेळीच मोकळेपणाने बोला" असा घ्यावा. "आता प्रयत्न पुरे" असा नव्हे. बाकावरच्या नातलगाला डॉक्टर प्रामाणिकपणे इतकेच सांगू शकतात, की "अशा शंभर जणांपैकी सुमारे नव्वद बरे होतात, तुमचे वडील त्यांत असावेत म्हणून आम्ही झटत आहोत." या उत्तराचा पूर्वार्ध शास्त्राचा आहे, उत्तरार्ध माणुसकीचा. त्या बाकावर बसलेल्याला दोन्हींची गरज असते.