अज्ञान मुलाच्या ठेवीचे व्याज : कर कोणी भरावयाचा?

अज्ञान मुलाच्या नावे मुदत ठेव ठेवली की व्याज करमुक्त झाले, अशी अनेक ठेवीदारांची समजूत असते. वस्तुतः १९९३-९४ या करनिर्धारण वर्षापासून हे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळविले जाते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ६४ (१अ) चा हा नियम २०२५ च्या नव्या कायद्यातही, क्रमांक बदलून, कायम आहे. मुलाने स्वतःच्या श्रमाने वा कौशल्याने मिळविलेले उत्पन्न आणि कायद्यात नमूद केलेले अपंगत्व असणाऱ्या मुलाचे उत्पन्न तेवढे यातून वगळले आहे.

आता, कोणत्या पालकाच्या उत्पन्नात? विवाह अस्तित्वात असेल तर ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या. विवाह अस्तित्वात नसेल तर त्या वर्षी मुलाचा सांभाळ करणाऱ्याच्या; मग त्याची मिळकत कमी का असेना. ‘घटस्फोटित’ आणि ‘अविवाहित’ असा भेद कायदा येथे करीत नाही. त्यामुळे अविवाहित मातेलाही हाच नियम लागू पडतो. उलट, वर्षानुवर्षे वेगळे राहणारे, परंतु घटस्फोट न झालेले पतिपत्नी कायद्याच्या लेखी विवाहितच.

घोळ होतो तो येथे. समजा, घटस्फोटानंतर वडिलांनी मुलीच्या नावे ४ लाख रुपयांची ठेव ठेवली. ७ टक्के दराने वर्षाचे व्याज २८,००० रुपये. मुलगी आईकडे वाढते आहे. पैसा वडिलांचा, पॅन त्यांचा, तरी व्याज आईच्या उत्पन्नात धरावयाचे. तिने जुनी करप्रणाली निवडली असेल तर प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांची सूट मिळते (हा आकडा आरंभापासून जागचा हललेला नाही!), नव्या प्रणालीत तीही नाही. उगमस्थानी कापलेला कर मात्र वडिलांच्या पॅनवर जमा दिसतो, आणि कित्येकदा आईला त्या ठेवीची वार्ताही नसते.

अशा वेळी बँकेकडे घोषणापत्र देऊन ही करकपात योग्य पालकाच्या नावे नोंदविता येते. न्यायालयाच्या आदेशाची प्रत देऊन खात्यावरील पालकाची नोंदही बदलून घ्यावी. आईची सही पुरेशी आहे का, हा प्रश्न रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांवरूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९९९ च्या त्या निकालाने वडील हयात असतानाही विशिष्ट परिस्थितीत आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हे मान्य झाले. अविवाहित माता वडिलांना नोटीस न देताही पालकत्व मागू शकते, असा निर्णय २०१५ मध्ये आला.

एकदा हे उत्पन्न एका पालकाकडे धरले गेले, की पुढील वर्षी दुसऱ्याकडे नेण्यापूर्वी करनिर्धारण अधिकाऱ्याला त्या दुसऱ्या पालकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. तेव्हा पहिल्याच वर्षीचे विवरणपत्र जपून भरावे.