झटक्यानंतरचे हृदय आणि 'ईएफ'चा आकडा

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण रुग्णालयातून घरी आला, की चार-आठ दिवसांत तो आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येतो. हातात जाडजूड फाईल असते. त्यातला हृदयाच्या सोनोग्राफीचा, म्हणजे इकोचा, कागद बाहेर निघतो आणि कुणीतरी पेनाने गोल केलेल्या आकड्यावर बोट ठेवून प्रश्न येतो, "डॉक्टर, पस्तीस टक्केच हृदय उरलंय ना?" बरोबर आलेली मंडळी तोपर्यंत मनाने खचलेली असतात. पस्तीस उरले म्हणजे पासष्ट गेले, असा सरळ हिशेब सगळ्यांनी केलेला असतो.

हा हिशेब चुकीचा आहे. तो चुकीचा का, हे समजून घेणे पुढच्या तीन महिन्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे, म्हणून आजचा लेख या एका आकड्यावर.

हृदयाचा डावा खालचा कप्पा हा शरीराचा मुख्य पंप. तो सैल होतो तेव्हा त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त भरते आणि आकुंचन पावतो तेव्हा त्यातले सुमारे ७० मिलिलिटर पुढे ढकलले जाते. बाकीचे आतच राहते. म्हणजे ठणठणीत माणसाचे हृदयसुद्धा भरलेल्या रक्ताचा ५५ ते ७० टक्के भागच बाहेर टाकते. याच टक्केवारीला 'ईएफ' म्हणतात. शंभर टक्के ईएफ कुणाचाच नसतो, पहिलवानाचाही नसतो. तेव्हा ३५ ची तुलना शंभराशी न करता साठाशी करायची. पंपाची ताकद निम्म्याहून थोडी अधिक आहे, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय हा आकडा कधी काढलेला असतो? झटक्यानंतर पहिल्या दोन-चार दिवसांत. हृदयाची परीक्षा घ्यायला याहून वाईट मुहूर्त दुसरा नाही.

झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी होऊन ती बंद पडणे. रक्त थांबल्यावर साधारण अर्ध्या तासात स्नायूच्या पेशी मरू लागतात. हे मरण स्नायूच्या आतल्या थरापासून सुरू होते आणि तासातासाने बाहेरच्या थराकडे सरकते. मेलेल्या पेशींची जागा पुढच्या सहा-आठ आठवड्यांत व्रणासारखी चिवट ऊती घेते. ती आकुंचन पावत नाही, आणि तेवढा भाग कायमचा जातो. हृदयाच्या पेशी नव्याने तयार होतात का, यावर स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००९ साली उत्तर दिले. होतात, पण पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का आणि पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्याने. मोठ्या झटक्यात सुमारे एक अब्ज पेशी दगावू शकतात. ही तूट त्या वेगाने भरून येणार नाही, हे उघड आहे.

पण इकोत जो भाग हलत नाही तो सगळा मेलेलाच असतो असे नाही. बोटावर जोराचा मार बसला तर बोट तुटलेले नसते, पण काही काळ सुन्न होऊन हलत नाही. हृदयाच्या स्नायूचेही तसेच होते. रक्तपुरवठा थांबला आणि वेळेत सुरू झाला, तर मरणाच्या दारातून परत आलेल्या पेशी जिवंत असूनही काही दिवस, कधी काही आठवडे, काम करीत नाहीत. १९८२ साली अमेरिकेतील ब्राउनवाल्ड आणि क्लोनर या डॉक्टरांनी अशा स्नायूला 'सुन्न पडलेला स्नायू' अशा अर्थाचे नाव दिले. आणखी एक प्रकार आहे. रोहिणी पूर्ण बंद नाही पण बरीच अरुंद आहे, अशा ठिकाणचा स्नायू मिळेल तेवढ्या तुटपुंज्या रक्तावर जगता यावे म्हणून आपले काम कमी करून घेतो. बेडूक जमिनीखाली निजून दिवस काढतो, तसे. या 'निद्रिस्त' स्नायूची कल्पना वैद्यकात रुजवली ती शहाबुद्दीन रहिमतुला या मुंबईत जन्मलेल्या हृदयरोगतज्ज्ञाने. अरुंद रोहिणी मोकळी केली की असा स्नायू हळूहळू जागा होऊ शकतो.

तिसऱ्या दिवशीच्या इकोत मेलेला, सुन्न पडलेला आणि निजलेला असे तिन्ही स्नायू सारखेच दिसतात. कोणता परत कामाला लागेल हे काळच सांगतो. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झटक्यानंतर ज्यांचा ईएफ ३५ किंवा त्याहून कमी होता अशा रुग्णांचा तीन महिन्यांनी पुन्हा इको केला. सुमारे ४३ टक्के रुग्ण होते तिथेच राहिले. पण ३१ टक्क्यांचा आकडा ३६ ते ४९ च्या दरम्यान पोहोचला आणि २६ टक्क्यांचा ५० च्या वर गेला. म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्ण धोक्याच्या रेषेच्या वर आले. हे सगळ्यांच्याच वाट्याला येते असे मी म्हणणार नाही. पण घरी आल्याच्या आठवड्यातच वडिलांना कायमचे अंथरुणावर बसवायला काही आधार नाही, एवढे नक्की.

किती स्नायू वाचणार याचा निम्मा निकाल पहिल्या काही तासांतच लागतो. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, आणि माणूस म्हणतो, "गॅस झालाय, सोडा आणा." या सोड्यात दोन तास जातात. मधुमेह्यांना तर कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो आणि घाम येतो. आपल्या नवी मुंबईत वाशी, नेरूळ, बेलापूरकडे अँजिओप्लास्टीची सोय असलेली रुग्णालये आहेत. अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि थेट तिथे जावे. आधी माझ्याकडे येऊन ईसीजी काढण्यात वेळ घालवू नये. उरण, कर्जतकडच्या गावांतून पोहोचायला फार वेळ लागणार असेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेऊन मग मोठ्या रुग्णालयात अँजिओग्राफीसाठी जाणे हाही चांगला मार्ग आहे.

उरलेला निकाल लागतो तो पुढच्या तीन महिन्यांत, घरी. मेलेल्या भागाचे काम उरलेल्या स्नायूवर पडते. तो ताणला जातो, कप्पा हळूहळू पसरट होतो, आणि पसरलेला कप्पा आणखी दुबळा होतो. हे दुष्टचक्र औषधांनी थांबवता येते, हे १९९२ साली कॅप्टोप्रिल या गोळीच्या प्रयोगाने दाखवून दिले. झटक्यानंतर ईएफ ४० किंवा कमी असलेल्या २,२३१ रुग्णांमध्ये ही गोळी घेणाऱ्यांचे मृत्यू १९ टक्क्यांनी कमी झाले. रॅमिप्रिल ही त्याच घराण्यातली गोळी. मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल हृदयाची घाई कमी करते. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि अलीकडे मधुमेहाच्या औषधांतून हृदयाच्या औषधांत आलेली डॅपाग्लिफ्लोझिन, या गोळ्याही दुबळ्या हृदयाचा भार हलका करतात. रुग्ण म्हणतात, "बी.पी. तर नॉर्मल आहे, मग बी.पी.च्या गोळ्या कशाला?" या गोळ्या तुमच्या हृदयाचा आकार टिकवायला दिलेल्या आहेत, हे माझे ठरलेले उत्तर. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या तर हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही चुकवायच्या नाहीत. दात काढायचा असला तरी आधी विचारायचे. स्टेंट बंद पडला तर वाचलेला स्नायूही जाईल.

माझ्याकडे तुर्भ्याच्या बाजारात गोण्या उचलणारा, मूळचा साताऱ्याकडचा एक माथाडी कामगार येतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला मोठा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, ईएफ ३५. घरी आल्यावर पंधरा दिवस त्याला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नव्हता. "डॉक्टरसाहेब, हे संडासला गेले तरी मी दाराबाहेर उभी राहते," असे त्याच्या बायकोने मला सांगितले. तो स्वतः काही बोलत नव्हता. भूक नाही, झोप नाही, टोळीतले लोक भेटायला आले तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. हृदयाच्या अशक्तपणापेक्षा ही उदासी मला अधिक काळजीची वाटली. झटक्यानंतर ती पुष्कळांना येते, आणि उदास माणूस ना चालतो ना औषधे घेतो. घरच्यांनी ती ओळखावी आणि डॉक्टरांना सांगावी.

पूर्वी झटक्यानंतर सहा आठवडे सक्तीने निजवून ठेवीत. १९५२ साली लेव्हाइन आणि लाउन या अमेरिकन डॉक्टरांनी रुग्णाला खुर्चीत बसवण्याचा सल्ला दिला तेव्हा तो धाडसाचा वाटला होता. आता तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्ण वॉर्डात फिरतो. या कामगाराला मी पहिल्या आठवड्यात सपाटीवर सकाळ-संध्याकाळ पाच ते दहा मिनिटे चालायला लावले, मग दर आठवड्याला थोडी मिनिटे वाढवली. दीड महिन्यात तो सलग अर्धा तास चालू लागला. चालताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, हे माप. वाक्य तुटायला लागले की वेग कमी करावा. जेवणावर लगेच चालू नये, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तर नाहीच. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबावे, आणि थांबूनही दुखणे गेले नाही तर सरळ रुग्णालय गाठावे. वाशीला सागर विहार, नेरूळला ज्वेल तलाव, खारघरला सेंट्रल पार्क अशा सपाट जागा आपल्याला मिळाल्या आहेत, त्यांचा उपयोग करावा.

ज्यांना योगासनांची आवड आहे त्यांच्यासाठी एक माहिती. भारतातील २४ केंद्रांत झटक्यानंतरच्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित उपचारांचा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक परतले. मृत्यू किंवा दुसरा झटका कमी झाल्याचे मात्र ठामपणे दिसले नाही. म्हणून योग जरूर करावा, गोळ्यांच्या जोडीला.

दांपत्यजीवनाबद्दल लोक विचारीत नाहीत, म्हणून न विचारता सांगतो. दोन जिने न थांबता, दम न लागता चढता आले की बहुतेकांना भीती बाळगण्याचे कारण नसते. मात्र जिभेखाली ठेवायची किंवा नायट्रेटची दुसरी कुठलीही गोळी चालू असेल, तर ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या जिवावर बेततात.

दुसरी एक गोष्ट केमिस्टकडे घडते. गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेतली जाते. या गोळ्या अंगात मीठ-पाणी साठवून ठेवतात आणि दुबळ्या हृदयाला बुडवतात. पुन्हा झटक्याचा धोकाही वाढवतात. मिठाचेही तसेच. दिवसाला सगळे मिळून एक चहाचा चमचा, पाच ग्रॅम, याच्या आत राहायचे. आमच्या आगरी-कोळी घरांना ताजी मासळी सोडायला मी कधीच सांगत नाही. पण सुकट, सुके बोंबील, पापड, लोणचे आवरावे. रोज सकाळी लघवीनंतर वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायावर सूज आली, किंवा आडवे झाल्यावर दम लागून उठून बसावे लागले, तर तीन महिन्यांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लसूण, लिंबू, आले आणि मध यांचा जो काढा मोबाईलवरून फिरतो, तो 'ब्लॉकेज' विरघळवीत नाही. चवीला बरा असतो, असो.

दुसरा इको साधारण तीन महिन्यांनी करावा, शक्यतो त्याच केंद्रात, आणि जुना कागद बरोबर न्यावा. दोन डॉक्टरांनी एकाच दिवशी मोजला तरी ईएफमध्ये पाच-सात अंकांचा फरक पडू शकतो. म्हणून ३५ चे ३८ झाले तर पेढे वाटू नयेत, आणि ४० चे ३७ झाले तर रडू नये. आकड्याखालच्या ओळीही वाचाव्यात. 'हायपोकायनेशिया' म्हणजे तो भाग मंद हलतो, 'अकायनेशिया' म्हणजे हलत नाही, 'डिस्किनेशिया' म्हणजे आकुंचनाच्या वेळी उलट बाहेर फुगतो. भिंत पातळ झाली आहे, व्रण झाला आहे असे लिहिले असेल तर तिथून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. जाडी टिकून असेल तर आशेला जागा आहे. कप्प्यात गुठळी दिसली तर रक्त पातळ करणारे वेगळे औषध काही महिने घ्यावे लागते, म्हणून त्या शब्दाकडेही लक्ष असू द्यावे.

आमच्या माथाडी कामगाराचा तीन महिन्यांनंतरचा आकडा ४८ आला. आणि त्याच्या बायकोने लगेच विचारले, "मग आता गोळ्या बंद ना?" हा प्रश्न मला पहिल्या प्रश्नाइतकाच धोक्याचा वाटतो. लंडनमध्ये हृदयाच्या स्नायूच्या वेगळ्या एका आजारातून सुधारलेल्या रुग्णांची औषधे पद्धतशीरपणे बंद करून पाहिली, तेव्हा सहा महिन्यांत ४४ टक्क्यांचे हृदय पुन्हा बिघडले. तो आजार झटक्याचा नव्हे. पण सुधारलेला आकडा औषधांच्या आधारावर उभा असू शकतो, हे त्यातून दिसते. एखादी गोळी कमी करायची तर ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील.

त्याचा स्वतःचा प्रश्न वेगळा होता, गोणी उचलू का? श्वास रोखून पन्नास किलो डोक्यावर घेताना रक्तदाब एकदम वर उसळतो, आणि व्रण असलेल्या हृदयाला ते सोसवेलच असे सांगता येत नाही. ट्रेडमिल चाचणीनंतर हृदयरोगतज्ज्ञांनी चालण्याफिरण्याच्या कामाला परवानगी दिली, ओझ्याला नाही. मुकादमाने त्याला काट्यावर वजनाच्या नोंदी करायला बसवले. मजुरी कमी झाली, ते दुःख आहेच. टेबलावर काम करणारे बहुतेक जण मात्र महिना-दोन महिन्यांत कामावर परततात. अभिनेते श्रेयस तळपदे यांना डिसेंबर २०२३ मध्ये चित्रीकरण आटोपून घरी आल्यावर झटका आला आणि अँजिओप्लास्टी झाली, हे वाचकांना आठवत असेल. तेही पुढे पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

आणि तीन महिन्यांनंतरही आकडा ३५ च्या खालीच राहिला तर? तेव्हा हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येण्याचा धोका राहतो, आणि गळपट्टीच्या हाडाखाली बसवायचे, गरज पडली की शॉक देणारे छोटे यंत्र काहींना सुचवले जाते. हे यंत्र घाईने बसवून जीव वाचण्याचे प्रमाण वाढत नाही, हे २००४ सालीच सिद्ध झाले आहे. म्हणून झटक्यानंतर किमान ४० दिवस, आणि अँजिओप्लास्टी झाली असेल तर तीन महिने, औषधे नीट घेऊन थांबतात आणि मगच निर्णय करतात. यंत्र महाग आहे, तेव्हा त्यासाठी सरकारी योजनेतून किंवा विम्यातून काय मिळते याची चौकशी त्या थांबण्याच्या काळातच करून ठेवावी.